नाकातून शिरली, शेपटीतून गेली

७ ऑक्टोबर

जावईबापू आले! आले कसले, अवतरले. धाकट्या बहिणीचे दिवस भरत आलेत, म्हणून तिचा नवरा आईला न्यायला आज दुपारच्या विमानाने येणार होता. उतरायला वीस मिनिटं असताना विमानावर वीज पडली. विमान उतरलं, हा उतरला, याची बॅगसुद्धा उतरली. अंगावर ओरखडा नाही. पण घरात पाऊल टाकल्यापासून स्वारी कोचावर आडवी. आई त्याच्या कपाळावर ओला रुमाल ठेवतेय. ताप नाही, खोकला नाही — रुमाल कशाला?

"ताई, आगीचा गोळा! असा मधल्या वाटेतून घरंगळत गेला!"

केवढा?

"फुटबॉलएवढा."

जेवायला बसेपर्यंत तो कलिंगडाएवढा झाला होता. आई दर घासाला "अगं बाई!" म्हणत होती. मी सव्वीस वर्षं विमानं तपासते. माझ्यासाठी कधी एकदा "अगं बाई" निघालं नाही तोंडातून.

८ ऑक्टोबर

नेमकं तेच विमान माझ्या वाट्याला. बरंच झालं. सकाळी सात वाजता हँगरमध्ये शिडी लावली. टॉर्च आणि खडू घेऊन चढले.

वीज पडते म्हणजे काय होतं? इतकंच — नाकाजवळ शिरते, बाहेरच्या पत्र्यावरून धावते, शेपटीतून निघून जाते. आतल्या लोकांना खिडकीत लख्ख उजेड दिसतो, धाडकन आवाज येतो, दिवे एकदा मिचकावतात. संपलं! विमान पुढे पळत असतं आणि वीज त्याला चिकटलेली, म्हणून पत्र्यावर डाग ओळीने पडतात. शिलाई मशीनचे टाके असावेत तसे. एकेक मसुराएवढा. कुठे पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटचं डोकं वितळलेलं. प्रत्येकाभोवती खडूने गोल काढला. तेवीस. शेवटचा शेपटीच्या टोकाला, काळा, बोटाच्या पेराएवढा. वीज गेली ती तिथून. अकराच्या आत सही करून मोकळी.

एवढ्याशा डागांसाठी दीडशे माणसं रडली म्हणे!

मग नियमाप्रमाणे दुसऱ्याने पुन्हा तपासायचं. आमच्याकडे दुसरा म्हणजे भिंग. गळ्यात कायम भिंग लटकवलेलं, म्हणून सगळा हँगर त्याला भिंगच म्हणतो. याच्यापेक्षा गोगलगाय परवडली. "बाई, तुमचे किती?" म्हटलं, तेवीस. तुमचे दिवाळीच्या आत मोजून होतील ना? हसला. त्याला टोमणा कळत नाही. सुखी माणूस!

९ ऑक्टोबर

भिंगाचे चोवीस.

शेपटीच्या आडव्या पंखाला मागे एक हलती फळी असते. पंख आणि फळी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते, वीज आली तर तिच्यातून पलीकडे जावी म्हणून. तीच जळून तुटलेली. वरून दिसत नाही. फळी वर करायला लावून, खाली उकिडवं बसून, मान वाकडी करून बघावं लागतं.

मी बघितलं नव्हतं. कालच असं नाही. किती वर्षांत बघितलं नाही, कोण जाणे.

"आज काही झालं नसतं हो," भिंग म्हणाला. "पण पुढची वीज बिजागरीतून गेली असती. बिजागरी अडकली असती, कदाचित."

कदाचित! कदाचितवर पगार घेतो हा माणूस.

पट्टी बदलली. साहेबांकडे गेला नाही. माझ्या तेवीसपुढे बारीक अक्षरात फक्त "अधिक एक" लिहिलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला. वर म्हणतो, "होतं असं, बाई." मोठा आला समजूत घालणारा! इतका संताप झाला की डबा तसाच परत आणला. आई म्हणाली, भाजी बिघडली होती का? म्हटलं, हो. बिघडली होती.

१० ऑक्टोबर

जावईबापूंनी वॉचमनला गाठलं, मग वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना, मग इस्त्रीवाल्याला. गोळे आता दोन झालेत.

११ ऑक्टोबर

आज स्फोट झाला. जावईबापूंनी जेवताना जाहीर केलं, "आम्ही बसने जाऊ."

बसने दोन दिवस! आईचे गुडघे ते काय! जिना चढताना तीनदा बसते ती. आणि तिकडे धाकटीला नऊ दिवस उरलेत. मी ताट सरकवलं. जे तोंडाला आलं ते बोलले. एवढ्या मोठ्या मिशा कशाला ठेवल्यात म्हटलं, काढून टाका. म्हटलं, तुमच्या भित्रेपणाची शिक्षा माझ्या आईने का भोगायची? ते विमान मी स्वतः तपासलंय. सही माझी आहे. माझी सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!

हे शेवटचं बोलताना आवाज जरा जास्तच चढला.

त्याने मान खाली घातली. भाकरीचा तुकडा बोटांनी कुस्करत बसला. आई माझ्याकडे अशी काही कौतुकाने बघत होती! आयुष्यात पहिल्यांदा. मला कुठे बघावं कळेना.

मग तो म्हणाला, "ताई, तुम्ही चला सोबत. तुम्ही असाल तर मी चढतो."

आईने लगेच उचलून धरलं. "चल की गं! धाकटी मोकळी होईस्तोवर राहा. किती वर्षांत गेली नाहीस तिच्याकडे."

दरवेळी तीच येते. मला वेळ कुठे असतो?

येते, म्हटलं. त्यात काय!

१२ ऑक्टोबर

रजा मंजूर. तिकिटं झाली. भिंग म्हणाला, "मजा करा, बाई. खिडकी घ्या." याला सल्ले द्यायला कुणी सांगितलं?

१३ ऑक्टोबर

जावईबापूंनी नखं खाऊन संपवली. उद्या ढग असतील का, हे सकाळपासून सात वेळा विचारलं. आठव्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, आकाश काय माझ्या बापाचं आहे? निमूट जाऊन आईची बॅग बांधायला लागला. तिची औषधं एकेका पुडीत घातली, वर दिवस लिहिले. अक्षर थरथरलेलं. शी! एवढा मोठा बाप्या.

मीही तीनदा गच्चीत जाऊन आले. कपडे वाळत होते म्हणून.

१४ ऑक्टोबर

दोघं गेले. मी गेटवरून परत आले. पोटात कळ आली म्हणून सांगितलं.

विमान तर तेही नव्हतं. दुसरंच होतं, कोरं करकरीत. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. जावईबापू घामाने निथळत होता. पण आईचा हात धरला आणि चढला.

आत्ता त्याचा फोन. पोचलो. आईला खिडकी दिली. तिने सगळी वाट डोळे भरून खाली बघितलं. मग आवाज बारीक केला —

"ताई, पोटाचं मी कुणाकडे बोलणार नाही."