सरक ना, स्वल्प सरक ना

४ जानेवारी

ठरलं! दुसरा अल्बम करायचा! सकाळी गुरुप्रसादच्या गच्चीवरच्या खोलीत तिघं जमलो. तो गातो आणि गिटार वाजवतो, सुहास बेस, मी ड्रम्स. पहिला अल्बम कॅसेटवर निघाला तेव्हा आमचा मुलगा मल्हार जन्मलासुद्धा नव्हता. आता तो पुण्यात संसार थाटून बसलाय!

गुरू म्हणाला, "अक्का, हात चालतात ना अजून?" वाजवून दाखवलं. खालून त्याची बायको ओरडली — "पंखा पडेल!"

नवऱ्याला, रत्नाकरला, सांगितलं. "छान. मार्चच्या आत उरका म्हणजे झालं." मार्चमध्ये आम्ही पुण्याला जाणार, कायमचे. मल्हारच्याच सोसायटीत घर घेतलंय. रत्नाकर तिथला. नोकरीसाठी इथे आला आणि तेव्हापासून परत जायच्याच गोष्टी करतोय. मी मात्र इथलीच, जन्मापासून. बँडला अजून बोलले नाही. सांगीन.

९ जानेवारी

दोन गाणी फेकून दिली. रडकी होती. गुरूला वाटतं, आपण साठीला टेकलो म्हणजे आता मावळतीबद्दलच लिहायचं. सुहास एरवी तोंड उघडत नाही. आज म्हणाला, "मला वाजवताना झोप येतेय."

१४ जानेवारी

गाणं सापडलं — बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये!

ताईकडे तिळगूळ घेऊन निघालो होतो. रिंग रोडवर गाडी ठप्प. शेजारचा रिक्षावाला पुढच्या गाडीवर कन्नडमध्ये ओरडतोय, "स्वल्प मुंदे होग्री!" — जरा पुढे सरका! — आणि हॉर्न — टा-टा-टाऽ-ट! टा-टा-टाऽ-ट! माझे हात आपोआप डॅशबोर्डवर.

"बडवू नकोस, एअरबॅग उघडेल!" — रत्नाकर.

तिथूनच गुरूला फोन लावला, ठेका ऐकवला. तो फोनवरच गायला लागला:

सरक ना, सरक ना, स्वल्प सरक ना,
जागच्या जागी म्हातारे होऊ — सरक ना!

गाड्या हलल्या तेव्हा रत्नाकरची बोटंही स्टिअरिंगवर चालली होती. मी बघतेय म्हटल्यावर थांबली.

२५ जानेवारी

महादेवपुऱ्यात निवेदिताचा छोटा स्टुडिओ. पोरगी पुण्याची, आठवडाभर आयटीत, शनिवार-रविवारी हे. हुशार आहे. पण तिनं कानात हेडफोन घातले आणि त्यात टिक-टिक-टिक. "काकू, या क्लिकवरच वाजवायचं हं. पुढेमागे नाही."

मी पुढे. मी मागे. दिवसभर. शेवटी ती गोड आवाजात म्हणाली, "ड्रम्स मी कॉम्प्युटरवर करू का? कुणाला कळणार नाही."

मी गुरूकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. माझा गुरू!

२६ जानेवारी

खांदा दुखतोय. राग त्याहून जास्त.

१ फेब्रुवारी

हेडफोन काढून ठेवले. म्हटलं, आम्ही तिघं एका खोलीत, एकमेकांसमोर उभे राहून वाजवणार. सगळं एकदम. नाही जमलं तर तुझा कॉम्प्युटर.

निवेदितानं मान डोलावली. सुहासनं सुरू केलं, मी त्याच्या बोटांकडे बघत शिरले. दुसऱ्या कडव्यानंतर आम्ही पळायलाच लागलो! वेग वाढतोय हे कळत होतं, आणि कोणीच थांबवत नव्हतं. गुरू शेवटचं "सरक ना" गायला नाही, किंचाळला. मग नुसती झांज — विरत, विरत…

काचेपलीकडे निवेदिता उभी. "काकू, आता परत नका वाजवू. हेच!"

सुहासनं मला मिठी मारली. सुहासनं!

त्या भरात सांगून टाकलं — मार्चमध्ये मी पुण्याला चाललेय. गुरू बराच वेळ गिटारची वायर गुंडाळत बसला. मग म्हणाला, "सरी." ठीक आहे, एवढंच. कॉफीलाही थांबला नाही.

१५ फेब्रुवारी

आठही गाणी झाली!! गुरू परत भांडायला लागला, म्हणजे सगळं ठीक. "जाईपर्यंत तू माझी ड्रमर आहेस, नंतरचं नंतर."

२३ फेब्रुवारी

सगळा अल्बम रत्नाकरला ऐकवला. डोळे मिटून ऐकला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग मला म्हणाला, "घरी तू अशी कधी दिसत नाहीस." तक्रार नव्हती. म्हणून जास्त लागलं.

रात्रभर कूस बदलत होते. तोही जागाच होता. पहाटे मीच बोलले — मला इथेच राहायचंय, वाजवत.

२ मार्च

रत्नाकर सकाळी पुण्याला गेला. एकटा.

गाडीत बसताना म्हणाला, "अल्बम बाहेर आला की ये."

"तिसरा सुरू केलाय," म्हटलं.

"माहितीये," म्हणाला, आणि काच वर केली.