गळ्यातला टाक

श्री
सोलापूर, ता. ९ जुलै १९३०

चि. ज्ञानबास, अ. आ. विशेष.

तुझं पत्र पोचलं. वसतिगृहाच्या आमटीवर चार ओळी आणि अभ्यासावर एक, म्हणजे खरा अभ्यास कशाचा चाललाय ते कळलं! आप्पा वळसंगहून बाजाराला आले होते. समाजशास्त्र शिकून पोरगा मामलेदार होतो की वकील, असं विचारत होते. दोन्ही नाही म्हटल्यावर तोंड एवढंसं झालं बिचाऱ्यांचं. काय होतो ते तूच कळव.

माझं बरं चाललंय म्हणायचं. लग्नात सासूबाईंनी बांधलेला चांदीचा टाक अजून गळ्यातच आहे. ह्यांची पहिली बायको केराबाई वारली, ती त्या टाकात आहे म्हणे. नवं लुगडं आधी तिला लावायचं, पहिला घास तिला दाखवायचा, मग आपण जेवायचं. लग्नाआधी शाळेत भूगोल शिकवणारी मी, पण खरं सांगते, मला भीती वाटते रे. सासूबाई मलाच केरा म्हणून हाक मारतात. हे म्हणतात, माहेरच्या माणसानं येऊन शब्द टाकला तर टाक देव्हाऱ्यात ठेवू. आप्पा व्याह्यांपुढे बोलायचे नाहीत. तू शिकलेला, तुझं ऐकतील. येऊन जा.

आठवण आहेच, ती तुझ्याकडूनही असू दे.
तुझी अक्का,
विजयमाला

श्री
मुंबई, ता. २१ जुलै १९३०

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

आप्पांना सांग, या विषयात प्राध्यापक होता येतं, सरकारी पाहणीत काम मिळतं, गिरण्यांत कामगारांची विचारपूस करणारे अधिकारी नेमतात, तेही होता येतं. मामलेदाराचा रुबाब नाही, पण उपाशी मरणार नाही. यंदाचा निबंध सरांच्या पसंतीस उतरला तर संशोधनासाठी शिष्यवृत्तीही मिळेल.

तुझं टाकाचं वर्णन सरांना वाचून दाखवलं. यावरच निबंध लिही म्हणाले. इतकी आतली माहिती कुणाला मिळते, सांग! तेव्हा अक्का, एवढं माझ्यासाठी कर. निबंध पुरा होईपर्यंत टाक काढू नकोस. काय करतेस, काय वाटतं, सगळं कळवत जा. मग मी स्वतः येतो. एवढी शिकलेली तू, चांदीच्या पत्र्याला काय भ्यायचं?

कृपादृष्टी ठेव.
तुझा,
ज्ञानबा

श्री
सोलापूर, ता. २ नोव्हेंबर १९३०

चि. ज्ञानबास, अ. आ. विशेष.

दिवाळीला वाट पाहिली. तुझे प्रश्न आले, तू आला नाहीस.

टाक घातल्यावर काय वाटतं, असं विचारलंस. परवा शेंगाचटणी कुटली. सासूबाई चाखून रडायलाच लागल्या. अगदी केराच्या हातची झाली म्हणाल्या. मला तर कुणी शिकवली नव्हती. काल पेठेत माझी जुनी विद्यार्थिनी पाठीमागून विजयाबाई, विजयाबाई म्हणून हाका मारत होती. मी वळले नाही. समोर येऊन उभी राहिली तेव्हा कुठं कळलं, ती मलाच बोलावतेय. केरा म्हटलं की मात्र लगेच ओ जाते.

हे सगळं निबंधात घाल बाबा, पण लवकर ये. मी एकटीनं किती दिवस धरून राहू?

माझी आठवण ठेव.
तुझी अक्का

श्री
मुंबई, ता. १६ फेब्रुवारी १९३१

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

शिष्यवृत्ती मिळाली! सगळ्यांनी निबंध वाखाणला. सरांनी शेवटी एकच विचारलं, ही माहिती देणारी बाई आता कशी आहे? दिवाळीनंतर तुझं पत्र नाही आणि मीही विचारलं नाही. फार लाज वाटली, अक्का.

रविवारी निघतो. कुर्डुवाडीला पोचल्यावर पुढची गाडी मिळेल ती धरतो. टाक माझ्या हातानं देव्हाऱ्यात ठेवतो आणि तुला वळसंगला घेऊन जातो. रागावली असशील तर रागाव, पण दोन ओळी लिही.

तुझाच,
ज्ञानबा

श्री
सोलापूर, ता. १९ फेब्रुवारी १९३१

ज्ञानबा पाव्हणं यास्नी नमस्कार.

तुमचं पत्र आलं. सासूबाई बऱ्या हायेत. तुमी या, चार दिवस ऱ्हावा, शेंगाचटणी करून ठिवते. पर टाक काढायचं तेवढं मनात आणू नगा. त्यात तुमची बहीण हाय. लई हुशार हुती म्हणत्यात, शाळंत शिकवायची. नवं लुगडं मी आदी तिला लावते, पैला घास तिला दावते. तिची काळजी करू नगा.

आमच्यावर माया असू द्या.
केराबाई