अर्धा र

सोमवार, ३ मार्च
दादाची यादीतली जागा गेली! माझा सख्खा भाऊ किडनीसाठी इतकी वर्षं थांबलाय. परवापर्यंत वरून दुसरा होता, आज सगळ्यात खाली. आणि हे केलं कुणी? आम्हीच! ही यादी सांभाळणारं आमच्या टीमचं नवं, जावा भाषेतलं अॅप्लिकेशन शनिवारी त्याच्या हॉस्पिटलात सुरू झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

वहिनी आज त्याला डायलिसिसला घेऊन गेली. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "जुनी नोंद दिसत नाही, नवीन करते." नवीन नोंद म्हणजे नवी तारीख — रांगेचं शेपूट! जुन्या नोंदीवर माणूस आला नाही म्हणून ती आपोआप बाद. वशिला चालू नये म्हणून यादीला हातानं कुणी शिवायचं नाही, असा नियम. तोही कोडमध्ये मीच घातलाय. मोठी शहाणी!

मंगळवार, ४ मार्च
शेजारच्या टेबलावर रीस्टार्टराव बसतो. कुठल्याही दुखण्यावर त्याचं एकच औषध. "सर्व्हर बंद करून चालू कर की!" केला. काही नाही. सर्व्हरची कॅश मेमरी साफ केली, मेमरी वाढवली. डोळे फुटेस्तोवर लॉग वाचला — चुकीची एक खूण, एक एक्सेप्शन नाही! चूक ओरडली असती तर पकडली असती. ही मेली मिठाची गुळणी धरून बसलीय.

आणि माझ्या मशीनवर? दादा पहिल्या फटक्यात सापडतो! साहेब म्हणाले, "मग त्या खिडकीवरच्या बाईच चुकीचं टाइप करत असतील." मी मान डोलावली.

बुधवार, ५ मार्च
काही नाही. दादाचे पाय सुजलेत.

गुरुवार, ६ मार्च
वहिनी ऑफिसच्या दारात उभी. "तुझ्याच हातात आहे ना गं सगळं? एक ओळ बदलायची. कुणाला कळणारय?"

कुणालाच नाही. डेटाबेसचा पासवर्ड माझ्याकडेच आहे. हात शिवशिवतायत. पण असं एकदा केलं की ती यादी यादी राहणार नाही. तिला नुसतं थांब म्हटलं.

जाताना डोळे पुसत म्हणाली, "तुझी ती जावा म्हणजे खरंच जावाजावा! वरून सारख्या, आतून एकमेकींची ओळख नाही." एवढ्यातही हसू आलं. नंतर तेच डोक्यात घोळत राहिलं. वरून सारख्या...

शुक्रवार, ७ मार्च
सापडलं! गाढव मी, गाढव!!

सकाळी जाऊन खिडकीवरच्या बाईंच्या मागे उभी राहिले. त्यांनी नाव टाइप केलं. अगदी शुद्ध. आणि — नोंद नाही! आमच्या आडनावात तो अर्धा र आहे, 'दुसऱ्या'मधला. मला तो टाइप करायचा कंटाळा, म्हणून मी कायम जुन्या नोंदीतलं नाव उचलून चिकटवते. मग सापडणार नाही तर काय! बाई बिचाऱ्या खरोखर टाइप करतात.

जुन्या कीबोर्डवर तो र एका तऱ्हेनं बनतो, नव्यावर दुसऱ्या. नव्यात पोटात एक न दिसणारं चिन्ह जास्त. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. कोडला विचारलं, दोघं एकच का? म्हणे, नाही. बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, मी सोमवारपासून हेच सांगतेय!"

शोधण्याआधी दोन्ही र एकसारखे करून घ्यायचे, की जुनी नोंद सापडून नवीला आपोआप जोडली जाईल आणि जुनी तारीख परत येईल. चार ओळींचं काम. चार ओळी! आणि तिकडे माझा भाऊ सुजतोय.

शनिवार, ८ मार्च
दुरुस्तीची चाचणी चालवली. दादा वर आला. दुसरा. पहिल्या एक शिक्षिका, त्याच रक्तगटाच्या. त्यांच्याही आडनावात तोच र! त्याही सोमवारीच शेपटाला फेकल्या गेल्या होत्या. तक्रार नाही, काही नाही. बहुधा त्यांना ठाऊकच नाही.

हातानं फक्त दादाची नोंद जोडली तर दादा पहिला. या बाईंना शोधणारं माझ्याशिवाय कुणी नाही. खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले, परत बसले. मग उठले. देवा, ही अक्कल मला नसती तर बरं झालं असतं.

दुरुस्ती हॉस्पिटलच्या सर्व्हरवर चढवली. सगळ्यांसाठी. वहिनीला सांगितलं नाही.

सोमवार, १० मार्च
किडनी आली. त्या बाईंना मिळाली.

दादाला सगळं सांगून टाकलं. त्यानं विचारलं, "नुसतं माझंच नाव जोडलं असतंस तर मला मिळाली असती?" हो म्हटलं. त्यानं सुजलेला पाय उशीवर सरकवला. मग म्हणाला, "अर्धा र आपल्यातलाच ना? मग भाऊबंदच की त्या! किडनी घरातच आली म्हण, वेडे."