अथेन्सला नेलेलं फडकं

३ ऑक्टोबर २०२४, कोल्हापूर

बॅग तिसऱ्यांदा भरली. सुहानानं तिसऱ्यांदा उपसली! लग्न होऊन उचगावला गेली तरी बापाच्या बॅगेवर हक्क हिचाच. चटणीचा डबा ठेवला, गुळाची ढेप ठेवली, आणि माझं पिवळं फडकं तेवढं काढून बाहेर फेकलं. "अब्बा, परदेशात धूळ पुसायला निघालाय काय?"

परत ठेव म्हटलं. आवाज चढला माझा. चढू दे.

नवी वही आहे म्हणून एकदा लिहून टाकतो. चौतीस वर्षं म्युझियममध्ये शिपाई होतो. त्या फडक्यानं काच पुसली. काचेआड पंजाएवढा ब्रॉंझचा देव — पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी इथवर आणला, गावातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडला. शाळेची पोरं विचारायची, "मामा, हे खेळणं हाय?" जीव जळायचा. त्याचा थोरला भाऊबंद अथेन्सच्या मोठ्या म्युझियममध्ये उभा आहे, दोन्ही हात पसरून, माणसापेक्षा उंच. तो पोसायडन की दुसरा कुठला देव, यावर साहेब लोकांची भांडणं आहेत. माझं काही भांडण नाही, पोसायडनच. त्याचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, वीस वर्षं झाली. तो एकदा समोरून बघायचा. बाकी काही नको.

कुलसुम असती तर म्हणाली असती, जा एकदाचे, माझं डोकं खाऊ नका. दोन वर्षं झाली तिला जाऊन.

माझा अरबाज चार वर्षं अथेन्सलाच आहे. डिप्लोमा झालेला पोरगा. सुपरवायझर आहे.

ड्युटी संपताना रजिस्टरात शेवटची ओळ लिहायचो — सर्व वस्तू जागच्या जागी. हात अजून तीच ओळ लिहायला जातो.

५ ऑक्टोबर, अथेन्स

पोचलो. अरबाज विमानतळावर आला होता. वाळलाय. हात हातात घेतले तर खरबरीत, बोटांना भेगा. "इथलं पाणी तसलंच हाय अब्बा." खोली एवढीशी, त्यात आणखी दोघं. सुपरवायझरला खोली अशी देतात का? विचारलं तर म्हणाला, इथं सगळी अशीच राहतात.

चटणी काढायला त्यानंच बॅग उघडली. हाताला फडकं लागलं. ते धरून तसाच उभा! "हे कशाला आणलंसा?" तोंड उतरलं त्याचं. घडी घालून परत आत सरकवलं.

कळलं मला. बापाच्या नोकरीची लाज वाटते!

६ ऑक्टोबर

अरबाजला सुट्टी. अक्रोपोलिस. चढण पन्हाळ्यापेक्षा कमी, पण दगड गुळगुळीत, पाय घसरतो. वर खांबच खांब. काय ते काम! कुणी दगडाला हात लावला की पहारेकरीण शिट्टी मारते. फार बरं वाटलं. आम्हाला कधी शिट्टी दिली नाही कुणी.

एक गडी कोरीव संगमरवरावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होता. शिट्टीवालीचं लक्ष नव्हतं. मी ओरडलो, "ओ पावणं! पाय काढा तिथनं!" भाषा कळली नाही तरी पाय निघाला. अरबाजनं दंड धरून मला बाजूला ओढलं. "अब्बा, हितं तुमची ड्युटी न्हाय!"

ड्युटी नाही म्हणे. पाय ठेवणाऱ्याची लाज नाही वाटली, माझी वाटली.

म्युझियमला कधी जायचं विचारलं. "बघू की. आधी बाकीचं तर बघा."

८ ऑक्टोबर

परत विचारलं. "मंगळवारी लय उशिरा उघडतंय."

९ ऑक्टोबर

"बुधवारी शाळेच्या सहली असतात, गर्दी." शाळेच्या सहली मला सांगतोय हा! मला!

११ ऑक्टोबर

मला एकट्याला टूरच्या बसमध्ये बसवून डेल्फीला पाठवून दिलं. पार्सल पाठवतात तसं. रागानं निम्मा रस्ता खिडकीबाहेर बघितलंच नाही.

पण डोंगर बघावाच लागला. दोन सरळसोट कडे, त्यांच्या पोटाशी पडकं देऊळ, आणि खाली दरीभर ऑलिव्हची झाडं, थेट समुद्रापर्यंत. कुठं हातकणंगल्याचा ऊस आणि कुठं हे! कुलसुमला दाखवायला हवं होतं. राहिलं.

तिथल्या म्युझियममध्ये ब्रॉंझचा एक सारथी उभा आहे. त्याला पापण्या आहेत! एकेक केस वेगळा. दारात एक बाई ड्युटीवर, माझ्याच वयाची. एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभी होती. ते दुखणं मला ठाऊक आहे. मोबाईलमधला आमच्या देवाचा फोटो तिला दाखवला. म्हटलं, पोसायडन. कोल्हापूर. इंडिया. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, चार बोटं आणि तीस असं करून चौतीस वर्षं सांगितली. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. आत जाऊन स्वतःची खुर्ची आणून दिली.

खोलीवर येऊन हे सगळं अरबाजला सांगितलं. खाली मान घालून ऐकलं. मग म्हणाला, "लय फिरला आता. उद्या आराम करा." एवढंच! त्या परक्या बाईनं खुर्ची दिली, माझ्या पोटच्या पोरानं आराम दिला.

१३ ऑक्टोबर

सुनिओला नेलं. समुद्राच्या टोकाला पोसायडनचं देऊळ, पांढरे खांब, खाली निळंशार पाणी. देऊळ त्याचं, पण देव नाही. देव शहरात, आणि पोरगा मला शहरात तिथं नेत नाही!

तिथंच भांडलो. लोक बघत होते, बघू देत.

"सगळं दाखवलंस, एक सोडून. का रे? तिथं तुझ्या ओळखीचं कोण हाय? बाप शिपाई होता ते कळंल म्हणून?"

"तसं न्हाय अब्बा."

"मग कसं? चौतीस वर्षं उभा राहिलो मी. तुला खुर्ची मिळावी म्हणून! आणि तू माझ्या उभं राहण्याला लाजतोस?"

तो समुद्राकडं बघत राहिला. परतताना बसमध्ये दोघं दोन सीटवर बसलो. रात्री त्यानं ताट वाढलं, मी जेवलो नाही.

१५ ऑक्टोबर

एकटाच गेलो. म्युझियमचं नाव कागदावर उतरवून घेतलं होतं, ड्रायव्हरला दाखवलं. अरबाज कामावर गेल्यावर, दुपारी निघालो. पोराचा आधार नको आणि उपकार नकोत.

तिकीट काढून आत गेलो. दोन दालनं ओलांडली आणि तो दिसला. लांबूनच. हात पसरलेले, छाती पुढं, टाच उचललेली. फोटोत काहीच येत नाही त्यातलं. म्हटलं घाई नको, सावकाश जायचं, आज दिवस आपला आहे.

देवाच्या पलीकडं काचेचं कपाट. एक गडी काच पुसत होता. निळा अंगरखा, पाठीवर कंपनीचं नाव, शेजारी बादली. आधी कोपरे, मग वरून खाली, शेवटी तोंडाची वाफ सोडून कोरडं पुसायचं. डावा हात पाठीमागं, काचेला लागू नये म्हणून. ही माझी पद्धत आहे! मी दुसऱ्या कुणाची तशी बघितलेली नाही. ती मी एकाच पोराला शिकवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा डबा घेऊन यायचा आणि फडक्यासाठी हट्ट धरायचा, त्याला.

खांबामागं सरकलो.

सुपरवायझर!

खोटं बोलला! चार वर्षं, दर रविवारी फोनवर खोटं. राग एवढा आला की कानशिलं तापली. वाटलं, जाऊन बादलीला लाथ घालावी. डिप्लोमा यासाठी केलास? आईला मरेपर्यंत फसवलंस?

आणि सुनिओला मी काय बोललो! खुर्ची. खुर्ची मिळावी म्हणून, म्हणालो मी त्याला. सगळ्या लोकांसमोर.

एक बाई आली, काचेवर पंजा टेकवून आत बघून गेली. त्यानं पंजाचा डाग पुसला. मीही असाच पुसायचो, मनात शिव्या देत. तो देत असेल का?

मी मागच्या पावली निघालो. देवाच्या समोर गेलोच नाही. समोर जायचं तर पोराच्या नजरेस पडलो असतो. एवढी वर्षं वाट बघितली आणि बाजूनं बघून परत आलो. आता कुणावर रागवायचं?

संध्याकाळी अरबाजनं विचारलं, "आज काय केलंसा?" म्हटलं, झोपलो होतो.

१६ ऑक्टोबर

आज मीच स्वयंपाक केला. खोलीतल्या तिघांनाही तांबडा रस्सा. अरबाज दोनदा वाढून घेऊन जेवला.

१८ ऑक्टोबर

विमानतळ. बॅग त्यानंच भरून दिली. म्हणाला, "अब्बा, पुढच्या येळी म्युझियम दाखवतो. नक्की." बघू म्हटलं. नजर मिळवली नाही त्यानं, आणि मीही नाही. हातांना लावायला मी त्याला मलम घेऊन दिलं. "थंडी सुरू होतीय," एवढंच म्हणालो.

२० ऑक्टोबर, कोल्हापूर

बॅग उपसली. एक वस्तू कमी. फडकं नाही.

त्याच्या जागी पोस्टकार्ड. मोठा देव, समोरून, हात पसरलेला. मागं अरबाजचं अक्षर — "अब्बा, त्या दिवशी काचेत दिसलासा. फडकं मी ठेवून घेतलंय."

गाढव! मग हाक मारायची होतीस की!

मी तरी कुठं मारली.