गोचिडीविना आलेला पाहुणा

३ मार्च
सापडला! गोचिडींतून कुत्र्यांच्या रक्तात शिरणारे परजीवी मी इतकी वर्षं तपासतेय, पण असा पठ्ठ्या पाहिला नव्हता. जनुकाच्या ज्या तुकड्यात बाकी सगळे हुबेहूब सारखे, तिथे याची डीएनएची अकरा अक्षरं वेगळी! सर म्हणाले, "एका कुत्र्यावरून नाचू नका, बाई."
नाचलेच. लॅबमध्ये कोणी नव्हतं.

५ मार्च
दुसऱ्या आजारी कुत्रीतही तोच!!

९ मार्च
तिसरा! आता सरच खुर्चीतून उठले — "लेख लिहायला घ्या. नाव तुम्हीच सुचवा." आनंद पोटात मावेना. नवरा म्हणतो, "लोक बाळाचं नाव शोधतात, ही किड्याचं शोधतेय." किडा नव्हे रे! — जाऊ दे, त्याला काय कळतंय.

ढोल्याला घट्ट मिठी मारली. आमचा हा अवाढव्य कुत्रा अधूनमधून जनावरांच्या दवाखान्यात दुसऱ्या कुत्र्यांसाठी रक्त देऊन येतो, बिस्किटं हादडतो आणि गल्लीभर मिरवतो. 'रक्त' म्हटलं की पट्टा तोंडात धरून दाराशी हजर! मी शोध लावते, तो जीव वाचवतो. घरात रिकामा काय तो नवराच.

१२ मार्च
गंमतच आहे. तिघांच्या अंगावर एकही गोचीड नाही! दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, कानात, बोटांच्या बेचक्यात, सगळीकडे पाहिलं." तिघं शहराच्या तीन टोकांना राहणारे. मग हा बहाद्दर आला कुठून? डोकं भणाणलंय, पण काय मजा येतेय!

१३ मार्च
डॉक्टरबाईंना विचारलं, या आजाराआधी तिघांना काही झालं होतं का? "एकाला गाडीने उडवलं होतं, एकीचं ऑपरेशन झालं, एकाने उंदराचं औषध खाल्लं. तिघांनाही रक्त चढवावं लागलं." कुणाचं? "तुमच्या ढोल्याचं."

पण तो तर ठणठणीत आहे! दर वेळी त्याचं रक्त मायक्रोस्कोपखाली बघतात की! — परजीवी अगदी थोडे असले तर तिथे दिसत नाहीत. वर्गात हे मीच शिकवते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्याचं रक्त मीच काढलं. तो शेपूट हलवत बसला होता.

१६ मार्च
अकराच्या अकरा जुळली.
डॉक्टरबाईंना फोन लावला. "ढोल्याचं रक्त यापुढे कुणाला..." इतकंच बोलले, तर स्वारी पट्टा तोंडात धरून दाराशी जाऊन बसली.