पायाचे पट्टे

मोताळा, १९ डिसेंबर, संध्याकाळ

माझी रेवा कोकणात वाऱ्यावरच्या मोठ्या पतंगाच्या ओढीने समुद्रावर फळीवर उभी राहून पळते. मी तिचा बाप, समुद्र न पाहिलेला तज्ज्ञ.

दुपारी फोनवर नव्या फळीचं कौतुक चाललं होतं. आखूड, बोथट नाकाची. "लांब नाक लाटेत घुसते बाबा. हे लाटेच्या पोटातही झटकन वळते."

फळीवर पाय अडकवायचे पट्टे मात्र तिने काढून टाकलेत! माझं धाबं दणाणलं. "काऊन काढले माय? आवळून बांध!" बीटी कापूस पेरला की फवारणी संपली म्हणत होते, बोंडअळीने ते ऐकलं नाही, म्हणून फवारणीचा पंप अजून माझ्या पाठीवर आहे. पट्टा सैल असला की पंप माणसाला पाडतो. एवढंच माझं शास्त्र.

"पडल्यावर फळी पायातून सुटली पाह्यजे बाबा. नाही तं लाट गुडघा पिळते."

मी ऐकतो कुठे? शपथ घातली.

"हाव, बांधीन. तुमच्यासाठी."

आता चहा पिताना तिचं बोलणं डोक्यात शिरलं. गुडघा पिळते. आणि सकाळी ती माझ्या शपथेपायी पाय बांधून लाटेत जाणार. फोन बंद. पुन्हा लावला, बंद. शेवटी लिहून पाठवलं, "शपथ सुटली. पट्टे काढ."

खाली अजून एकच टिक आहे.