ओदिबेर मास्तरांची सही

३ मार्च १८६९

काढलं! शेवटी काढलंच व्यंगचित्र. ओदिबेर मास्तर, डोळ्यांवर फडकं बांधलेलं, हातात छिन्नी, आणि पुढ्यातल्या दगडी बाईचा कान थेट गालावर. त्यांच्या नव्या पुतळ्याला सगळं पॅरिस हसतंय. कारंज्यावरच्या त्या बाईचा डावा कान खरंच बोटभर खाली आलाय. फडकं तेवढं माझं.

बारा वर्षांपूर्वी ह्याच माणसाने माझं मातीचं काम सगळ्या पोरांसमोर जमिनीवर आपटलं होतं. "जा, जत्रेत लोकांची नाकं काढून पोट भर!" तेच करतोय की! पण राग काही जात नाही मेला.

आमच्या साप्ताहिकाचे संपादक फुर्निओल चित्र बघून इतके हसले, की खोकल्याची उबळ आली. मग डोळे पुसत विचारलं, "इसिदोर, परवानगीचं काय?"

४ मार्च

हा कायदाच उफराटा. ज्याची टर उडवायची, त्याच्याकडूनच लिहून आणायचं — उडवा माझी टर! त्याच्या हातची चिठ्ठी नसली तर सरकारी तपासनीस चित्र छापूच देत नाही. नटनट्या हसत हसत लिहून देतात, त्यांची फुकट जाहिरात होते. पण मास्तर? काठी घेऊन मागे लागतील.

"जाऊन तर बघ," फुर्निओल म्हणाले. "फार तर मार खाशील." ह्यांचं काय जातंय!

७ मार्च

गेलो.

दार झेलीने उघडलं. मास्तरांचं घर इतकी वर्षं तीच सांभाळते. शिकत होतो तेव्हा चोरून सूप वाढायची. "किती वाळलास रे!" म्हणाली. मास्तर खिडकीशी खुर्चीत बसलेले. बारा वर्षांनी आलो, पण मान वळवून बघितलंसुद्धा नाही! चित्र पुढे केलं, तर हात पुढे आला नाही. झेलीनेच घेतलं. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. थकलेत फार. पाव तास आत कुजबुज चाललेली आणि मी इकडे टोपी चुरगाळत उभा.

बाहेर आले ते चिठ्ठी घेऊनच. "छापा. काढलंय ते खरं आहे. — ओदिबेर." ओळ तिरकी, सही जवळजवळ कागदाबाहेर.

वर मला म्हणाले, "शाबास, पोरा."

शाबास?! शिकत होतो तेव्हा हा शब्द एकदाही तोंडातून निघाला नाही. चिठ्ठी खिशात घातली आणि तसाच निघालो. आभार मानायचेही राहिले.

८ मार्च

टोमणा होता का? की माफ केलं? की मीच माफी मागायला हवी होती?

९ मार्च

चिठ्ठी दहादा वाचली. "खरं आहे" म्हणजे काय खरं? कान? कान चुकला हे कबूल करतायत? ओदिबेर मास्तर? छे! पंधरा पोरांसमोर उभं राहून "मी चुकत नाही" म्हणणारा माणूस!

फाडून टाकावं चित्र, असं एकदा वाटलं. नाही फाडलं.

१३ मार्च

छापलं. खाली मास्तरांची चिठ्ठी त्यांच्याच अक्षरात. लोक चित्रापेक्षा चिठ्ठीलाच जास्त हसतायत. "म्हाताऱ्याने स्वतःच कबुली दिली!" फुर्निओलनी सगळ्यांना वाइन पाजली. माझ्या पाठीवर इतक्या थापा पडल्या, की पाठ दुखतेय.

आनंद व्हायला हवा ना? मटण पुढ्यात तसंच गार झालं. मला त्यांची फजिती करायची होती की त्यांच्या तोंडून शाबास ऐकायचं होतं? एकाच आठवड्यात दोन्ही झालं, आणि आता दोन्ही नकोसं वाटतंय. माझंच मला कळत नाही.

१६ मार्च

झेली आली होती. मास्तरांना दोन वर्षं दिसत नाही. दोन्ही डोळे गेलेत. काम जाईल म्हणून बाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं. कारंज्यावरची बाई बोटांनी चाचपून घडवली. त्या दिवशी आतल्या खोलीत झेलीने माझं चित्र त्यांना सांगितलं — फडकं, छिन्नी, कान, सगळं. तर म्हणाले, "एवढ्या पॅरिसात माझ्याच पोराने ओळखलं! आता लपवून काय करायचंय?"

पुढच्या पुतळ्याचं काम काल काढून घेतलं त्यांच्याकडून. तरी खुशीत आहेत म्हणे. रविवारी मला जेवायला बोलावलंय.

निघताना झेलीने विचारलं, "तुला कधी कळलं रे?"

"पुतळा बघितला तेव्हाच," मी म्हणालो.